कौटुंबिक विनोदी मालिका

कौटुंबिक विनोदी मालिका : एका घरातली ठरलेली माणसे, ठरलेली जागा आणि दर भागात नव्याने उडणारा, पण भाग संपता संपता निस्तरला जाणारा गोंधळ, यांवर उभा असलेला दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमप्रकार. दैनंदिन मालिकेत कथानक पुढे सरकते, येथे ते सरकत नाही. घरचा कर्ता पुरुष पहिल्या भागात जेवढा शहाणा असतो तेवढाच शेवटच्या भागातही असतो. किंबहुना त्याने शहाणे न होणे ही या प्रकाराची अट आहे. प्रस्तुत नोंदीत कोल्हापूर शहर व लगतच्या तालुक्यांतील प्रेक्षकाच्या आठवणीत घर करून राहिलेल्या मालिकांपुरता विचार केला आहे.

उगम : याविषयी तीन मते आढळतात. पहिल्या मतानुसार मराठीतील या प्रकाराचे मूळ चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांच्या चिमणरावाच्या कथांत आहे. चिमण, काऊ, मोरू, मैना, राघू अशी पाखरांची नावे घेऊन नांदणारे हे घर, आणि त्याला सावरायला येऊन गोंधळ दुप्पट करणारा गुंड्याभाऊ. व्यक्तिरेखा न बदलता प्रसंग बदलत नेण्याची रीत येथे पूर्ण विकसित झालेली दिसते. कोल्हापूरला हे मत साहजिकच जवळचे वाटते, कारण चिमणरावाला पडद्यावर आणणारे मास्टर विनायक (१९०६–४७) कोल्हापूरचे. त्यांच्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) व ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) या चित्रपटांत दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ही जोडी होती. कोल्हापूरच्या जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर चिमणराव म्हटले की आधी दामुअण्णांची तिरपी नजर उभी राहते, ती यामुळे.

दुसरे मत या प्रकाराला सरळ पाश्चात्त्य साच्याचे अपत्य मानते आणि ‘ये जो है जिंदगी’ (१९८४) या हिंदी मालिकेपासून सुरुवात करते. शरद जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेत नवरा, बायको आणि बायकोचा बेकार भाऊ असे तिघांचेच घर होते. सतीश शाह दर भागात वेगळ्या सोंगात येत. देशपातळीवरचा आरंभबिंदू म्हणून हे मत मान्य होण्यासारखे आहे. मराठीपुरते मात्र ते अपुरे पडते, कारण तोवर चिमणराव दूरदर्शनवर येऊन गेला होता.

तिसरे मत आकाशवाणीकडे बोट दाखवते. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कुटुंबश्रुतिकेत पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी (अनुक्रमे बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी) ही तीन माणसे ठरल्या वेळी श्रोत्याच्या घरी येत आणि महागाईपासून पाहुण्यांपर्यंत काहीही बोलत. पुस्तकातले कुटुंब वाचकाच्या सवडीने भेटते. ठरल्या वारी, ठरल्या वेळी, आपल्याच माजघरात दुसऱ्याचे घर भांडताना ऐकण्याची सवय रेडिओने लावली. हा विनोद मुळात कानाचा आहे, ही गोष्ट या मताला बळ देते. मालिकेच्या कोणत्याही भागाचे चित्र झाकून नुसता आवाज ऐकला तरी बहुतेक हशे जागच्या जागी राहतात. कोल्हापूरकरांना ही परीक्षा मुद्दाम घ्यावी लागली नाही. ती अँटेनाने घेतली (पुढे पाहा).

चिमणराव मालिकेचा काळ : दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिलीप प्रभावळकर (चिमणराव) आणि बाळ कर्वे (गुंड्याभाऊ) यांची कृष्णधवल मालिका सामान्यतः १९७७–७९ या काळात घातली जाते. हीच जोडी असलेला चित्रपट १९७९ चा आहे आणि तो मालिकेच्या लोकप्रियतेवरच निघाला, तेव्हा मालिका त्याआधीची धरणे सयुक्तिक होय. तिला मराठीतील पहिली मालिका म्हणण्याचा प्रघात आहे. ‘पहिली गाजलेली’ म्हणणे अधिक सुरक्षित.

ही मालिका आपण कोल्हापुरात घरी बसून त्याच वेळी पाहिली, असे सांगणारे भेटतात. ते जपून घ्यावे लागते. मुंबईचे कार्यक्रम १९७३ पासून सिंहगडावरून पुणे परिसरात पुनःप्रक्षेपित होत. सिंहगड ते कोल्हापूर हे सरळ रेषेतील अंतर सुमारे १९० किमी. आहे. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मी. आणि कोल्हापूरची ५५० मी. धरली, तर उरलेल्या ७५० मी. उंचीवरून रेडिओ क्षितिज, म्हणजे लहरी सरळ पोचू शकतील ते अंतर, सुमारे ११३ किमी. येते (उंचीचे वर्गमूळ × ४.१२). वीस मीटरचा खांब उभारला तरी त्यात जेमतेम १८ किमी.ची भर पडते, शिवाय वाटेत साताऱ्याचे डोंगर आहेत. उन्हाळ्यातल्या एखाद्या रात्री हवेच्या थरांमुळे लहरी वाकून चित्र उमटू शकते; दर आठवड्याला नाही. ही आठवण बहुधा पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडची सुट्टी, १९७९ चा चित्रपट आणि पुढची पुनःप्रसारणे यांची सरमिसळ असावी. दामुअण्णांचा चिमणराव आणि प्रभावळकरांचा चिमणराव एकाच आठवणीत बसलेले आढळतात, यावरूनही तेच दिसते.

१९८४ च्या आसपास देशभर कमी शक्तीचे प्रक्षेपक उभे राहिले. ते उपग्रहावरून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम घेऊन परिसरात सोडत. त्यामुळे कोल्हापूरच्या घराघरांत स्वतःच्या संचावर पहिल्यांदा हसवले ते हिंदी कुटुंबाने. मराठी कुटुंब उशिरा आले. शुक्रवारी रात्री ‘ये जो है जिंदगी’ लागली की ज्या घरी संच असेल त्या घराचा सोपा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरून जाई, आणि चपलांचा ढीग उंबऱ्याबाहेर.

अँटेना व चित्रग्रहण : अशा प्रक्षेपकाची शक्ती साधारणतः १०० वॅट, म्हणजे घरातल्या एका मोठ्या दिव्याएवढी; सपाटीवरचा भरवशाचा पल्ला १५ ते २० किमी. शहरात काम सोपे होते. कागल किंवा पन्हाळा ही कड म्हणायची, आणि डोंगरामागच्या शाहूवाडी, गगनबावडा या बाजूंना सावली. कडेवरच्या गावी सारी मदार यागी अँटेनावर असे.

तिचे भाग तीन : मधला दुहेरी दांडा (फोल्डेड डायपोल), मागचा परावर्तक आणि पुढचे दिग्दर्शक दांडे. लांबी वारंवारतेवर ठरते. १४३ ला मेगाहर्ट्झने भागले की मधल्या दांड्याची लांबी मीटरमध्ये मिळते. उदाहरणार्थ पाचव्या वाहिनीचे (म्हणजे प्रक्षेपणासाठी ठरलेल्या पाचव्या वारंवारता-पट्ट्याचे) चित्र १७५.२५ वर आणि आवाज १८०.७५ मेगाहर्ट्झवर असे. मधला आकडा १७८ धरून दांडा ८० सेंमी. येतो. परावर्तक त्याहून सुमारे ५ टक्के लांब (८४ सेंमी.) व ३४ सेंमी. मागे, पहिला दिग्दर्शक ५ टक्के आखूड (७६ सेंमी.) व सुमारे २० सेंमी. पुढे. चौथ्या वाहिनीसाठी हाच मधला दांडा २ मी.हून लांब होतो. बाजारातून दुसऱ्या वाहिनीची अँटेना आणून खांबावर चढवली आणि ती कितीही फिरवली, तरी चित्र सुधारत नाही, ते या कारणाने. आखूड दांडा पुढे, लांब मागे. घाईत उलटी बसवलेली अँटेना हा सर्वांत साधा आणि सर्वांत उशिरा सापडणारा दोष.

खांबाला सव्वा किंवा दीड इंची जी. आय. पाइप, लांबी २० फूट. कौलारू घरात तो भिंतीला दोन क्लॅम्पांनी धरावा, कौलांवर भार देऊ नये. तीन बाजूंना १२० अंशांवर ताण (ओढून बांधलेल्या तारा) द्यावेत. ३०० ओहमची चपटी वायर पाइपला चिकटवून खाली आणली तर संकेत वाटेतच गळतो. ती चार बोटे दूर ठेवून फुटाला एक-दोन पीळ द्यावेत. ७५ ओहमची गोल केबल वापरायची असेल तर डायपोलपाशी बलून हा जुळवणीचा तुकडा हवा.

दिशा साधायला दोन माणसे किमान, तीन असल्यास उत्तम : एक पाइपाशी, एक संचासमोर, एक दारात निरोप पोचवायला. खालचे ‘मुंग्या गेल्या, पण माणसं दोन-दोन दिसाय लागलीत’ हे दारातल्या पोराच्या तोंडून वर जाईपर्यंत ‘अजून फिरव’ एवढेच उरे. वरून ‘आता?’, खालून ‘जरा पन्हाळ्याच्या अंगाला घे’. पाइप एका वेळी पाच-सात अंशच फिरवावा आणि थांबावे. पाइपावरचा हातही चित्रावर परिणाम करतो, म्हणून हात काढून मगच खालच्याला विचारावे. बोल्ट आवळताना अँटेना हमखास थोडी फिरते. तेवढी सूट आधीच ठेवणारा माणूस गल्लीत मानाचा.

मुंग्या आणि दुहेरी माणसे हे दोन निराळे दोष आहेत. मुंग्या म्हणजे संकेत कमी; उपाय उंची, किंवा खांबावरच, डायपोलजवळ बसवलेला बूस्टर (संकेत मोठा करणारे उपकरण). संचामागे लावलेला बूस्टर केबलमधला कचराही तेवढाच मोठा करतो. दुहेरी चित्र म्हणजे संकेत पुरेसा, पण डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून दुसऱ्या वाटेनेही येणारा. चित्राची एक ओळ पडद्यावर सुमारे ५२ मायक्रोसेकंदांत काढली जाते आणि २० इंची पडदा साधारण ४० सेंमी. रुंद असतो. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मी. जाते, म्हणजे ३०० मी. लांबच्या वाटेने आलेली प्रतिमा उजवीकडे जवळजवळ ८ मिमी. सरकते. सावली किती सरकली हे पट्टीने मोजले की आपटणारा डोंगर किती लांबचा, याचा अंदाज बांधता येतो. येथे उंची वाढवून उपयोग नाही, दिशा बदलावी लागते. वेळप्रसंगी मुख्य संकेत थोडा सोडून परावर्तित संकेत पुरता तोडणे फायद्याचे ठरते.

पावसाळ्यात चित्र जाते ते पावसाच्या धारांमुळे, हा समज चुकीचा आहे. या वारंवारतेला पाऊस अडवत नाही. ॲल्युमिनियम आणि तांब्याचा सांधा ओलाव्याने गंजतो आणि भिजलेली चपटी वायर संकेत खाते. मृगाआधी सांधा कानशीने घासून, वॉशर बदलून, ग्रीस लावून वरून प्लॅस्टिक बांधणे एवढ्याने जून ते सप्टेंबर निभावतो. चित्र वर वर पळणे हा अँटेनाचा दोष नव्हे. संचामागचा व्ही-होल्ड (चित्र उभ्या दिशेने स्थिर करणारे बटण) फिरवावा. दोन्ही बाजूंनी चित्र आखडले तर विजेचा दाब कमी झाला असे समजावे.

या प्रक्षेपणात चित्राचे वहन लहरीचा आयाम (उंची) बदलून आणि आवाजाचे तिची वारंवारता बदलून होई. दुसरी पद्धत गोंगाटाला दाद कमी देते. म्हणून पडद्यावर नुसत्या मुंग्या असतानाही संवाद स्वच्छ येत आणि कडेवरच्या गावांत लोक मुंग्यांकडे बघून हसत. आकाशवाणीच्या मताला एवढा धडधडीत पुरावा ग्रंथांत सापडणे कठीण.

पुढील मालिका : ‘देख भाई देख’ (१९९३, निर्मिती जया बच्चन, दिग्दर्शन आनंद महेंद्रू) मध्ये एकाच बंगल्यात दिवाण कुटुंबाच्या तीन पिढ्या आहेत. माणसे वाढली की गोंधळाची जोडणी बदलते : एकाचा गैरसमज दुसऱ्याने तिसऱ्याला सांगायचा आणि दिवाणखान्याच्या दारांतून सगळ्यांनी चुकीच्या क्षणी आत यायचे. केबलवरून आलेल्या ‘हम पाँच’ (१९९५) मध्ये अशोक सराफ पाच मुलींचे बाप आहेत आणि भिंतीवरच्या तसबिरीतून पहिली बायको बोलते. तसबीर जागची हलत नाही, पण टोमणा नेमका तिचाच बसतो.

मराठीत या प्रकाराचा कळस ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ (२००१ पासून, अल्फा मराठी) हा होय. केदार शिंदे दिग्दर्शित ही मालिका प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वर आधारलेली असून आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या अशा पाच जणांचे हे घर आहे. चाळिशीपूर्वी चिमणराव झालेला नट येथे घरातला म्हातारा झाला. भागाचा शेवट आबांच्या रोजनिशीने होतो. ते दिवसाचा गोंधळ दोन-चार वाक्यांत लिहून काढतात. कोण चुकले ते सांगत नाहीत, आपणही त्यात होतो हे मात्र लपवत नाहीत.

बोली : या सर्व मराठी घरांची भाषा मुंबई-पुण्याची आहे. कोल्हापुरी बोलणारा माणूस त्यांत येतो तो बहुधा पाहुणा म्हणून. हातात पिशवी, तोंडी ‘काय पावणं’, आणि तांबडा-पांढरा रस्सा व लवंगी मिरचीवरचा एखादा ठरलेला विनोद. कोल्हापूरच्या प्रेक्षकाला तो पाहुणा कधी आवडतो, कधी नाही. ‘तसं कोण बोलतंय इथं’ ही तक्रार मात्र दर वेळी होते.

पुनःप्रसारण : २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘देख भाई देख’ पुन्हा दाखवली. तोवर बहुतेक स्लॅबांवरच्या यागी अँटेना उतरल्या होत्या. ॲल्युमिनियम भंगारात गेले, जी. आय. पाइप पुष्कळ ठिकाणी तसाच राहिला, त्याला आता डिशची थाळी किंवा कपड्यांची दोरी बांधलेली असते.