लंडनचं थिएटर आणि चौकातला खेळ: परवान्याच्या वादाची पार्श्वभूमी

लंडनहून परतलेला नाटकवेडा माणूस दोन गोष्टी हमखास सांगतो. एक म्हणजे वेस्ट एंडला, म्हणजे तिथल्या थिएटरांच्या वस्तीत, पाहिलेलं म्युझिकल, आणि दुसरी म्हणजे त्याआधी कॉव्हेंट गार्डनच्या चौकात उभ्या उभ्या पाहिलेला खेळ. म्युझिकलचं तिकीट इथूनच काढून ठेवलेलं असतं, चौकातल्या खेळाचे पैसे खेळ संपल्यावर टोपीत पडतात. फोटो पहिल्याचे जास्त असतात, पण बोलताना माणूस रंगात येतो तो दुसऱ्याबद्दल. गेली काही वर्षं या दुसऱ्या खेळावरून तिथली पालिका आणि खेळ करणारे यांच्यात जुंपली आहे. वाद वरवर परवान्याचा आहे. मुळात लंडनमध्ये कुणी, कुठे आणि कुणाला विचारून खेळ करायचा, या जवळपास तीनशे वर्षं चाललेल्या भांडणाचा हा ताजा अंक आहे.

चौकाची आखणी १६३०च्या दशकातली. पश्चिमेला सेंट पॉल चर्च आहे (घुमटवालं मोठं कॅथेड्रल वेगळं, टॅक्सीवाल्याला नीट सांगावं). जाड खांबांची त्याची ओसरी चौकाकडे तोंड करून उभी आहे, पण तिच्यातलं भलंमोठं दार नुसतं दाखवायचं. वेदी पूर्वेकडेच हवी, म्हणून खरा प्रवेश मागच्या बाजूनं ठेवावा लागला. त्यामुळे मागे उंच खांब, पुढे मोकळी फरसबंदी आणि दारातून कुणाची ये-जा नाही, असा रंगमंच चौकाला आयताच मिळाला. ९ मे १६६२ रोजी रोजनिशी लिहिणाऱ्या एका सरकारी अधिकाऱ्यानं या भागात इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिला. त्याची नोंद आज ओसरीच्या भिंतीवर कोरलेली दिसते. पुढच्याच वर्षी, १६६३ साली, जवळच्या ड्रुरी लेनला राजाच्या सनदेचं थिएटर उभं राहिलं. सनदवाले आणि बिनसनदवाले असे दोघे तेव्हापासून हाकेच्या अंतरावर नांदत आले आहेत.

याच ओसरीत, पावसात अडकलेल्या नाटकाच्या प्रेक्षकांना फुलं विकणारी पोरगी एका आयरिश नाटककारानं उभी केली. आपल्याकडे ती १९७५ साली ‘ती फुलराणी’ होऊन आली. आपले पर्यटक या खांबांपुढे फोटो काढतात, पण हे मंजुळेचं माहेर आहे हे त्यांना फारसं कुणी सांगत नाही.

आता कायद्याकडे. १७३७ साली, नाटकांतल्या राजकीय टवाळीनं वैतागलेल्या पंतप्रधानानं एक कायदा करून घेतला. त्यानुसार प्रत्येक नवं नाटक आधी दरबारातल्या एका बड्या अधिकाऱ्याकडे वाचायला द्यायचं, तो हो म्हणाला तर करायचं. शिवाय तोंडी संवादांचं ‘खरं’ नाटक करण्याचा मक्ता लंडनमधल्या सनदवाल्या थिएटरांकडेच राहिला. बाकीच्यांनी पळवाट शोधली. प्रत्येक अंकात पाच-सहा गाणी घातली की ते कायद्याच्या भाषेत नाटक उरत नसे. १८०९ मध्ये तर एका थिएटरानं ‘मॅकबेथ’ नाचून दाखवला. संगीत नाटकावर वाढलेल्या आपल्या मंडळींना यात अडचण काय, असं वाटेल, पण तिथे तो गनिमी कावा होता. वेस्ट एंडच्या म्युझिकलमागे एवढंच कारण आहे असं म्हणणं ताणाताण होईल, तरी गाण्यांना सरावलेला प्रेक्षक घडायला या कायद्याचा हातभार लागला असावा. मक्ता मोडला १८४३ साली.

त्या काळचा प्रेक्षकही काही गप्प बसणारा नव्हता. १८०९ मध्ये कॉव्हेंट गार्डनचं थिएटर आगीनंतर नव्यानं उभं राहिलं आणि पिटातलं, म्हणजे रंगमंचापुढच्या स्वस्त जागांचं, तिकीट साडेतीन शिलिंगांवरून चारवर गेलं. लोकांनी आत शिरून भोंगे, घंटा, आरडाओरडा करत सदुसष्ट प्रयोग बंद पाडल्यासारखे केले. शेवटी व्यवस्थापनानं जाहीर माफी मागून पिटाचा जुना दर परत आणला. आजचे दर पाहता त्या अर्ध्या शिलिंगाचं हसू येतं.

रस्त्यावरचा खेळिया या सगळ्या काळात वेगळ्याच कलमाखाली होता. त्याची संहिता कुणी वाचायला मागत नसे, पण परवानगीशिवाय खेळ करणारा म्हणजे उनाड भटका, अशी कायद्याची समजूत होती. ही समजूत फक्त विलायती आहे असं मानायचं कारण नाही. १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध कायद्यानं भीक मागण्याच्या व्याख्येत गाणं, नाचणं, भविष्य सांगणं आणि खेळ करून दाखवणं यांच्या आडून पैसे घेणंही धरलं. लंडनच्या चौकात टाळ्या वाजवणाऱ्या मुंबईकरानं घरचा हा कायदाही एकदा वाचावा.

१८६४ साली लंडनमध्ये रस्त्यावरच्या संगीताचा स्वतंत्र कायदा आला. घराखाली दांडा फिरवून वाजणारी पेटी वाजवत बसणाऱ्या वादकांनी हैराण झालेल्या एका नामवंत गणितज्ञानं त्यासाठी बराच लढा दिला होता. या कायद्याची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. वादकाला आधी कुणाला विचारावं लागत नसे. आजारपण, कामात व्यत्यय किंवा असंच रास्त कारण सांगून घरमालकानं ‘इथून हल’ म्हटलं, की हलावं लागे. म्हणजे आधी खेळ, मग तक्रार. थिएटरची रीत नेमकी उलटी होती, आधी परवानगी आणि मग खेळ. पुढचा सगळा गुंता या दोन रीतींचा आहे.

थिएटरवरची संहितातपासणी २६ सप्टेंबर १९६८ला संपली. दुसऱ्याच दिवशी वेस्ट एंडला एक अमेरिकी म्युझिकल सुरू झालं, ज्यात नट काही क्षण विवस्त्र उभे राहत. इमारतीच्या सुरक्षिततेचे परवाने राहिले, संहिता मात्र मोकळी झाली. (आपल्याकडे नाटकाची संहिता आजही परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. त्यावर इथे लिहायला बसलो तर मूळ विषय राहून जाईल.)

कॉव्हेंट गार्डनचं आजचं रूप मात्र नाटकामुळे नव्हे, भाजीमुळे घडलं. तीनशे वर्षं इथे फळं, भाज्या आणि फुलांचा घाऊक बाजार भरत होता. गल्ल्यांत लॉऱ्या अडकायला लागल्या तसा तो नोव्हेंबर १९७४ मध्ये नदीपलीकडे नाइन एल्म्सला हलला. बाजार गेल्यावर परिसराचा मोठा भाग पाडून रुंद रस्ते, कचेऱ्या आणि हॉटेलं उभारायचा बेत होता. रहिवासी रस्त्यावर उतरले, १९७३ मध्ये सरकारनं शेकडो इमारतींना वारसा म्हणून संरक्षण दिलं आणि बेत बारगळला. रिकाम्या चौकात सत्तरीच्या मध्यावर जादूगार, विदूषक, कसरतपटू येऊ लागले. १९८० साली जुन्या बाजाराची इमारत दुकानं आणि खाणावळींसह पुन्हा उघडली तेव्हा हे खेळवाले तिथले रहिवासीच झाले होते. दुकानदारांना गर्दी हवी होती आणि ती हे लोक फुकट जमवून देत होते.

इथली शिस्त त्यांची त्यांनीच लावली. सकाळी जमायचं, चिठ्ठ्या टाकून वेळा ठरवायच्या, ज्याची वेळ त्याचा चौक. बाजाराच्या आतल्या अंगणात ऑपेरा गाणारे आणि व्हायोलिनवाले असतात. ती जागा खाजगी मालकीची असल्यानं तिथे आधी चाचणी देऊन निवडलं जातं. चर्चपुढची मोकळी जागा पालिकेच्या अखत्यारीत, आणि वाद आहे तो तिथला.

तिथला खेळ बारकाईनं पाहण्यासारखा असतो. खेळिया आधी जमिनीवर दोर टाकून गोल आखतो. मग चार टाळकी पकडून त्यांच्याकडून उगाचच मोठ्यानं टाळ्या वाजवून घेतो. आवाज ऐकून पलीकडची चाळीस माणसं वळतात. पहिली वीस मिनिटं तो जवळजवळ काहीच करत नाही. एका लहान मुलाला आत ओढतो, एखाद्या टकल्या गृहस्थाची फिरकी घेतो, पुढे काय होणार आहे याची हवा करतो. खरी कसरत, उंच एकचाकी सायकलवर चढून जळते पलिते झेलणं, शेवटच्या दोन-तीन मिनिटांची. आणि ती करण्याआधी, सायकलवर तोल सावरत असतानाच, तो पैशांचं बोलून घेतो. त्यानंतर बोललं तर गर्दी पांगते, हे गणित पक्कं आहे. अलीकडे टोपीशेजारी कार्डाचं यंत्रही असतं, ‘सुटे नाहीत’ म्हणायची सोय राहिलेली नाही. आपल्याकडचा गारुडी मुंगूस-सापाची लढत शेवटपर्यंत लांबवतो, तीच युक्ती.

आता परवाना. रस्त्यावरच्या कलावंतांना परवाना लावायचा अधिकार लंडनच्या पालिकांना २००० सालच्या एका कायद्यानं मिळाला होता. वेस्ट एंड ज्या पालिकेत येतो तिनं तो बरीच वर्षं वापरला नाही. तो वापरायचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये, महामारीनं रस्ते ओस पडलेले असताना झाला आणि एप्रिल २०२१ पासून लागू झाला. ज्यांच्यावर तो लागू होणार होता ते घरी बसले होते, ही वेळ खटकते. सहा महिन्यांचं शुल्क २० पौंड, म्हणजे पैशाचा प्रश्न नव्हताच. प्रश्न अटींचा होता. नेमून दिलेल्या जागीच उभं राहायचं, बहुतेक ठिकाणी ध्वनिवर्धक नको, इमारतींपासून ठरावीक अंतर ठेवायचं, सुऱ्या आणि आग नको, अपघाताचा विमा हवा, नावपत्ता नोंदवलेला हवा. नियम मोडला तर दंड आणि सामान जप्त.

कॉव्हेंट गार्डनच्या अनेक खेळवाल्यांनी परवाना घ्यायलाच नकार दिला. त्यांचं म्हणणं असं, की सुऱ्या आणि पलिते काढून घेतले तर खेळात उरतं काय? अंतराचा नियम शब्दशः पाळला तर अशा चौकात गोल धरायला जागाच सापडत नाही. आणि चिठ्ठ्यांची पद्धत चाळीसेक वर्षं नीट चालली असेल, तर ती पालिकेनं हातात घ्यायचं कारण काय?

पालिकेची बाजू अशी, की वर राहणाऱ्यांच्या तक्रारी थांबत नाहीत, गर्दीमुळे वाटा अडतात आणि एखाद्याला दुखापत झाली तर जबाबदार कोण हे ठरलेलं नाही. विम्याचा मुद्दा मला पटतो. बाकीचा कारभार सगळ्यांना एकाच तागडीत तोलणारा वाटतो. आवाजाच्या तक्रारींचा मोठा भाग ध्वनिवर्धक लावून तीच ती गाणी तासन् तास म्हणणाऱ्या गायकांबद्दलचा असतो. पलिते झेलणारा आणि स्पीकरवाला हे दोन वेगळे धंदे आहेत. नियम मात्र दोघांसाठी एकत्र झाले. आणि थिएटरातून ‘आधी परवानगी’ची रीत काढून टाकल्यावर पन्नासेक वर्षांनी ती नेमकी चौकात आली, जिथे १८६४ पासून ‘आधी खेळ, मग तक्रार’ हा मार्ग होता.

नियमांनाच विरोध असायचं कारण नाही. नाटक सुटल्यावर दारात उभ्या असणाऱ्या सायकलरिक्षांचं उदाहरण घ्या. गुलाबी फरची आसनं, लखलखणारे दिवे, कर्णकर्कश गाणी, आणि उतरताना मागितलेलं भाडं ऐकून आलेल्या पाहुण्याचा चेहरा पडतो. लंडनमध्ये या रिक्षा कुठल्याच परवान्यात बसत नव्हत्या, कारण १८६९च्या घोडागाड्यांच्या काळातल्या कायद्यातली एक फट. ती बुजवायला २०२४ साल उजाडलं. तेव्हाच्या नव्या कायद्यानं भाडं, चालक आणि आवाज यांचे नियम करायचा अधिकार शहराच्या वाहतूक यंत्रणेला दिला. पर्यटकाला खरोखर लुबाडणाऱ्यांना मोकळीक अधिक काळ मिळाली, हे खेळवाले बोलून दाखवतात ते उगाच नाही.

२०२५ मध्ये वादाला नवं वळण लागलं, तेही कॉव्हेंट गार्डनला नव्हे, तर दहा मिनिटांवरच्या लेस्टर स्क्वेअरला. निम्म्या दरात नाटकाची तिकिटं देणारी खिडकी १९८० पासून याच चौकात आहे, त्यामुळे आपले बरेच लोक इथून गेलेले असतात. चौकाला लागून कार्यालय असलेल्या एका रेडिओ कंपनीनं रोजच्या गाण्यांच्या त्रासाबद्दल दावा लावला. न्यायाधीशांनी तो उपद्रवच असल्याचं मान्य केलं. आवाजापेक्षाही त्याच त्या गाण्यांच्या पुनरावृत्तीवर आणि सुमार गायनावर त्यांनी कडक शब्दांत ताशेरे ओढले. निकाल गेला तो पालिकेविरुद्ध, कारण गाणारे उभे होते ते पालिकेनं नेमून दिलेल्या परवान्याच्या जागांवर. परवाना असूनही उपद्रव झाला, आणि तो थांबला तो तक्रारीनं. चार वर्षांपूर्वी नियम करताना पालिकेनं जे आश्वासन दिलं होतं, त्यातली हवा यामुळे बरीच निघून गेली.

पालिकेनं यावर काढलेला तोडगा म्हणजे १७ एप्रिल २०२५ पासून लेस्टर स्क्वेअरमधलं गाणं-वाजवणं पूर्ण बंद. तिथले गायक आता उरलेल्या नेमलेल्या जागांकडे वळणार हे उघड आहे, आणि त्या जागा संपूर्ण वेस्ट एंडमध्ये मोजक्याच आहेत.