भिजली की लाल, वाळली की गुलाबी

आमची मारुती ८०० सन १९९७ ची. घेतली तेव्हा लालभडक होती. मग वीसेक उन्हाळे उघड्यावर काढले आणि बॉनेट व टप यांचा रंग दोरीवर विसरून राहिलेल्या चादरीसारखा झाला, फिकट गुलाबी, जरासा पांढुरका. त्यावर बोअरच्या पाण्याच्या चकत्या. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितले, "रंग मेलाय साहेब, फुल पेंट." बाबांनी काही न बोलता बॉनेटवर मगभर पाणी ओतले. पाणी पसरले तिथे १९९७ चा लाल रंग जसाच्या तसा समोर आला. ऊन होते, पाच मिनिटांत पाणी वाळले आणि गुलाबी परत.

मेलेला रंग पाण्याने जिवंत कसा होईल?

नदीतून उचललेला गोटा हातात असताना काळाभोर, तुकतुकीत दिसतो आणि घरी खिशातून काढला की राखाडी. शहाबादी फरशी पुसल्यावर गडद होते ती याच कारणाने. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर त्याच्यावरून परतणारा प्रकाश एकाच दिशेने जातो, त्याला आपण चकाकी म्हणतो. बाकीचा प्रकाश आत शिरतो आणि रंगद्रव्याला भेटून लाल होऊन बाहेर येतो. पृष्ठभाग खडबडीत झाला की वरच्यावर परतणारा पांढरा प्रकाश चहूकडे विखुरतो आणि आतून येणाऱ्या लालात मिसळतो. लालात पांढरा घातला की गुलाबी, हे चित्रकलेच्या तासालाच शिकलेलो असतो. पाणी त्या खाचा भरून काढते. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात शिरताना किती वळतो याचे माप, १, पाण्याचा १.३३ आणि रंगातल्या राळेचा, म्हणजे रंगद्रव्याला धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाचा, १.५ च्या आसपास. हवेतून थेट राळेत शिरताना प्रकाशाला मोठी पायरी लागते. मध्ये पाणी आले की ती पायरी लहान होते आणि विखुरणे कमी होते.

म्हणजे मगभर पाणी ही तपासणीच झाली. ओले केल्यावर रंग परतला तर बिघाड वरच्या कातडीत आहे, घासून निघेल. ओले करूनही फिकटच राहिला तर रंगद्रव्यच गेले, तिथे पॉलिशचा उपयोग नाही.

कातडी बिघडते ती मुख्यतः अतिनील किरणांमुळे. रंगद्रव्याचे कण राळेने एकमेकांना धरून ठेवलेले असतात. अतिनील किरण राळेतले रासायनिक बंध तोडतात, हवेतला ऑक्सिजन तुटलेल्या जागी शिरतो, राळ ठिसूळ होऊन झडते आणि कण सुटे पडतात. अशा गाडीवर बोट फिरवले की बोटाला भुकटी लागते. पांढऱ्या गाड्यांत तर टायटॅनियम डायऑक्साइड हे रंगद्रव्य स्वतःच उन्हात राळेला खायला मदत करते, म्हणून त्याच्या कणांवर कारखान्यात सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचा लेप देतात. लाल रंगांची गत वेगळी. भडक लाल रंगद्रव्ये बहुतेक कार्बनी असतात, त्यांचे रेणू उन्हाने तुटू शकतात. गेरू मात्र लोहाचे ऑक्साइड, आधीच पुरता गंजलेला. उन्हाने त्याचे आणखी काय बिघडणार? अजिंठ्याच्या भिंतींवरचा गेरू म्हणूनच टिकला. अर्थात गेरूच्या रंगाची मारुती कोणी घेतली असती का, हा प्रश्न वेगळा.

आता चकत्या. दख्खनच्या काळ्या पाषाणातून मुरलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतची कठीणता (ती चुनखडीच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात मोजतात) स्वीकारार्ह आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालते. ६०० च्या हिशोबाने दहा लिटरच्या बादलीत ६ ग्रॅम चुनखडी झाली, चहाचा चमचाभर. आमच्याकडे गाडी पुसणारा सकाळी ती बादली ओततो, वरवर फडके मारतो आणि पुढच्या गाडीकडे जातो. उरलेले थेंब उन्हात वाळतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते. गिझरच्या कॉइलवर बसते तेच हे.

डाग कडेला दाट आणि मध्ये विरळ का, याचे उत्तर कॉफीच्या डागावर काम करणाऱ्या शिकागोच्या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दिले. (आमच्या गाडीचेच साल, योगायोग.) थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून बसते आणि तिथे बाष्पीभवन सर्वांत जोरात होते. ती तूट भरायला मधले पाणी कडेकडे वाहते आणि सोबत सगळा माल तिकडे नेऊन टाकते.

थेंब भिंगासारखे काम करून रंग जाळतात, असे पार्किंगमध्ये ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. पत्र्यावर बसलेल्या चपट्या थेंबातून गेलेले किरण जिथे एकवटतील तो बिंदू पत्र्याच्या बराच खाली पडतो, त्यामुळे जाळण्याइतका प्रकाश पृष्ठभागावर एकवटत नाही. जळल्यासारखा जो खड्डा दिसतो तो रसायनांचा: थेंब आटताना क्षार तीव्र होत जातात आणि तापलेल्या बॉनेटवर राळेत रुततात.

नुसता वर बसलेला क्षार आम्लाने जातो. व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी घालून, गाडी सावलीत आणि थंड असताना, ओले फडके डागावर मिनिटभर ठेवायचे आणि भरपूर पाण्याने धुवायचे. आमचे निम्मे डाग एवढ्यानेच गेले. टाइल्स धुण्याचे अ‍ॅसिड मात्र गाडीजवळ आणू नये. ते हायड्रोक्लोरिक असते, एखाद्या टवक्यातून पत्र्यापर्यंत पोचले की चुनखडीनंतर लोखंडावर येते. व्हिनेगरनंतरही नखाला खळगा लागला तर तो रुतलेला डाग, आणि त्याच्या भोवतीचा थर खळग्याच्या तळापर्यंत खाली आणणे हाच उपाय.

इथे रबिंग सुरू होते. रबिंग कंपाउंडमध्ये अ‍ॅल्युमिनासारख्या कठीण पदार्थाचे बारीक कण असतात. ते मोठ्या खाचा घासून लहान करतात, मग पॉलिशमधले आणखी बारीक कण त्या लहान खाचा इतक्या लहान करतात की प्रकाशाला त्या जाणवत नाहीत. चमक 'येते' असे आपण म्हणतो, खरे तर थर जातो. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंतचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे दोनेक केसांची जाडी. त्यातला घासायला परवडणारा भाग थोडकाच.

मी पांढऱ्या सुती फडक्यावर कंपाउंड घेऊन हातभर जागा घासली. फडके लाल झाले. याचा अर्थ आमच्या गाडीला रंग आणि चकाकी दोन्ही एकाच थरात आहे, वर क्लिअर कोट नाही. फडके पांढरेच राहिले किंवा मळकट झाले असते तर वर पारदर्शक थर असल्याचे कळले असते, हल्लीच्या बहुतेक गाड्यांना असतो तसा. त्या थराचे साल निघायला लागले की पाण्याची तपासणीही फसवते. ओला भाग छान दिसतो, पण घासल्यावर पापुद्रे वाढतात. तिथे पेंटरकडेच जावे.

दोन रविवारांत बॉनेट लाल झाले. हात चालला म्हणून पुढच्या कडेवरही तसाच जोर लावला आणि अचानक फडक्यावरचा लाल करडा झाला. प्राइमर, रंगाखालचा अस्तराचा थर! ओला रंग सुकताना पृष्ठताणाने कडेपासून मागे सरकतो, त्यामुळे कडेला थर मुळातच पातळ असतो, आणि तिथेच बोटांचा दाब एका रेषेवर येतो. जाणते कारागीर कडांवर आधी मास्किंग टेप का लावतात, ते रुपयाएवढा करडा डाग पाहिल्यावर समजले.

मेणाबद्दल थोडे. याआधी एका ठिकाणी पैसे मोजून पॉलिश करून घेतले होते. गाडी आरशासारखी झाली आणि पहिल्या दोन पावसांत पुन्हा गुलाबी. तिथे घासलेच नव्हते, तेलकट मेणाने खाचा भरल्या होत्या, म्हणजे बाबांच्या मगातले पाणी जरा उशिरा वाळणारे. घासून झाल्यावर लावलेले मेण वेगळे. ते पाण्याला पसरू देत नाही, थेंब गोळा होऊन ओघळतात आणि क्षार बसायला पाणीच कमी उरते. दर दोन-तीन महिन्यांनी लावावे लागते. गाडी पुसणाऱ्याला आम्ही आता शेवटी कोरडे फडके फिरवायला सांगितले आहे, महिन्याला पन्नास रुपये जास्त देऊन.

परवा बाबांनी पुन्हा मग आणला. बॉनेटवर ओतला, काही फरक पडला नाही, ओले-कोरडे सारखेच लाल. टपावर ओतला. मधला टीपॉयएवढा पट्टा ओला होऊनही गुलाबीच राहिला. तेवढ्या टपापुरता पेंटरला फोन केला आहे.