यॉर्क (स्थलनाम)

उत्तर इंग्लंडमधील ऊझ नदीकाठच्या यॉर्क शहराचे नाव. रोमनांनी इ. स. ७१ च्या सुमारास येथे लष्करी तळ उभारला. नाव मात्र त्यांनी ब्रिटॉनिक या स्थानिक केल्टिक भाषेतून घेतले. त्याचे सर्वांत जुने ज्ञात रूप उत्तर इंग्लंडमधील विंडोलांडा या रोमन ठाण्यात सापडलेल्या, इ. स. १०० च्या आसपासच्या एका लाकडी पाटीवर आहे. त्यात पत्ता म्हणून ‘एबुराकी’, म्हणजे ‘एबुराकम येथे’, असे लिहिले आहे. दुसऱ्या शतकात ग्रीक भूगोलकार टॉलेमी ‘एबोराकॉन’ लिहितो. लॅटिन लेखनात ‘एबुर’ आणि ‘एबोर’ ही दोन्ही रूपे आढळतात. पुढे दुसरे रूढ झाले.

व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. ‘एबुरॉस’ म्हणजे यू हा सदाहरित, विषारी पानांचा वृक्ष. त्यावरून ‘यू वृक्षांची जागा’ असा अर्थ सामान्यतः दिला जातो. दुसऱ्या मतानुसार एबुरॉस हे व्यक्तिनाम असून मूळ अर्थ ‘एबुरॉसची जमीन’ असा होतो. गॉलमध्ये (आजचा फ्रान्स व लगतचा प्रदेश) ‘-आकम’ हा प्रत्यय पुष्कळदा व्यक्तिनामांना लागलेला दिसतो, हा या मताचा आधार. वृक्षाची ओळखही निर्विवाद नाही: आयरिशमधील सजातीय शब्दाचा अर्थ यू असला, तरी वेल्श व ब्रेटनमध्ये तोच शब्द वेगळ्या वनस्पतींना लावतात. तथापि एबुरोनीझ या टोळीच्या राजाने यूचे विष घेऊन प्राण दिल्याचे सीझर सांगतो. त्या टोळीच्या नावातही हाच धातू दिसतो, हे लक्षात घेता वृक्षवाचक अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. व्यक्तिनाम मानले, तरी तेही बहुधा याच शब्दावरून आलेले असावे.

अँग्लो-सॅक्सन लोकांना मूळ शब्दाचा अर्थ लागत नव्हता. त्यांनी त्यात स्वतःच्या भाषेतला ‘एओफोर’ (रानडुक्कर) ऐकला, त्याला व्यापारी वस्तीवाचक ‘विक’ जोडला आणि ‘एओफोरविक’ हे रूप तयार झाले. ‘रानडुकरांचे गाव’ हा अर्थ त्यामुळे लोकव्युत्पत्तीचा आहे, मूळचा नव्हे. अँग्लो-सॅक्सन बखरीत ‘एओफोरविकचेआस्टर’ असे लांब रूपही येते. डेन लोकांनी ८६६ मध्ये शहर जिंकल्यावर त्यांच्या तोंडी ‘योरविक’ रूप रुळले. त्यांच्या नॉर्स भाषेत ‘वीक’चा अर्थ खाडी असला, तरी येथे खाडी नाही, हा जुन्या ‘विक’चाच नवा उच्चार. याच काळातील काही नाण्यांवर लॅटिन वळणाचे ‘एब्राइसे’ आहे.

१०८६ च्या डूम्सडे या इंग्लंडमधील जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत ‘एउरुइक’ येते. ‘यॉर्क’ हे आखूड रूप तेराव्या शतकापासून आढळते. यॉर्कचे आर्चबिशप आजही सहीत ‘एबोर’ लिहितात.