पेटीत उरलेल्या सफरचंदांचं काय करायचं?

शरद ऋतूत सफरचंदं एकदम येतात. झाड घरचं असो की पेटी आमच्याकडून नेलेली असो, पहिले चार दिवस सगळे हौसेने खातात. मग टोपलीकडे कुणी फिरकत नाही आणि पंधरा दिवसांनी खालच्या थरातून वास येऊ लागतो. "एवढ्यांचं करायचं काय?" असं ग्राहक दर हंगामात विचारतात. प्रत्येकाशी नीट बोलणं होत नाही, म्हणून हे पत्रक.

आमचा सल्ला एकच आहे: पाककृती शोधण्याआधी पेटी रिकामी करा. फळ कोणत्या अवस्थेत आहे, यावरून त्याचं काय करायचं ते ठरतं. करकरीत फळ शिजवून टाकलं तर जीव हळहळतो, आणि पिठूळ झालेलं फळ कापून समोर ठेवलं तर त्याला कुणी हात लावत नाही.

पहिल्याच दिवशी निवड

देठ शाबूत, साल घट्ट, कुठेही मार नाही, अशी फळं टिकवायची. ती न धुता, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ० ते ४ अंश सेल्सिअस आणि थोडा ओलावा त्यांना मानवतो. बाहेर काही दिवसांत मऊ पडणारं फळ तिथे कित्येक आठवडे टिकतं. पालेभाजी मात्र त्याच कप्प्यात नको. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने शेजारची पानं पिवळी पडतात. फुजी, ग्रॅनी स्मिथ या जाती जास्त टिकतात. मॅकिन्टॉश लवकर मऊ पडतं, ते आधी संपवा.

मार लागून तपकिरी झालेला भाग कापून काढला की उरलेलं फळ उत्तम असतं, फक्त ते दोन-तीन दिवसांत वापरा. बुरशी धरलेलं फळ मात्र सरळ टाकून द्या. सफरचंदावर येणाऱ्या निळसर बुरशीतून पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं आणि ते शिजवूनही पूर्ण जात नाही. रसात ते किलोमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, अशी मर्यादा अनेक देशांनी घातली आहे. "सॉसच तर करायचाय, चालेल" असं म्हणून सडकं फळ पातेल्यात टाकू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे.

मऊ फळांचा सॉस, आणि त्याच पातेल्यात ॲपल बटर

सुरकुतलेली, पिठूळ, डाग काढलेली फळं इथे कामी येतात. साधारण दीड किलो सफरचंदांचा एक लिटर सॉस होतो. गोड आणि आंबट जाती मिसळल्या तर चव खुलते. एकाच जातीचा सॉस बहुधा सपक लागतो. जाड बुडाच्या पातेल्यात फोडी घाला आणि पाणी फक्त अर्धा कप. फळात ८५ टक्के पाणीच असतं, ते आपोआप सुटतं. झाकण ठेवून मंद आचेवर वीस मिनिटांत फोडी विरघळतात. लाल साल ठेवून शिजवलं आणि मग चाळणीतून गाळलं, तर सुंदर गुलाबी रंग येतो. साखर शेवटी, चव घेऊनच घाला. पुष्कळदा लागतच नाही. लिंबाचा रस मात्र थोडा हवाच.

हा सॉस फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल तर बरणीत वर दोन बोटं जागा सोडा, कारण गोठताना तो फुगतो. केक करताना निम्म्या तेलाऐवजी किंवा लोण्याऐवजी हा सॉस घालून पाहा, केक मऊ राहतो.

आता ॲपल बटर. नावात बटर असलं तरी यात लोणी नसतं. तोच सॉस दालचिनी घालून अगदी मंद आचेवर किंवा १२० अंशांच्या ओव्हनमध्ये तीन-चार तास आटवायचा, अधूनमधून ढवळत राहायचं. तो आटून निम्म्याहून कमी होतो, रंग गडद तपकिरी होतो आणि ब्रेडवर लोण्यासारखा पसरतो. झालं की नाही हे पाहायला थंड बशीत एक चमचा टाका. कडेने पाणी सुटलं नाही की झालं. घाई करून आच वाढवली की तो बुडाला लागतो आणि करपल्याचा वास मग काही केल्या जात नाही. एका वर्षी आमचं भरलं पातेलं असंच वाया गेलं. तेव्हापासून आम्ही तो ओव्हनमध्येच करतो.

सालं आणि गाभे फेकू नका

जॅम घट्ट करणारं पेक्टिन सालीत आणि गाभ्यात भरपूर असतं, त्यातही आंबट, थोड्या कच्च्या फळांच्या. सालं आणि गाभे बुडतील इतक्या पाण्यात पाऊण तास उकळा आणि कापडात बांधून रात्रभर टांगून ठेवा. पुरचुंडी पिळू नका, पिळली की रस गढूळ होतो. जो बुळबुळीत रस मिळेल, तो स्ट्रॉबेरी, चेरी किंवा पीचच्या जॅममध्ये घाला. या फळांत पेक्टिन कमी असल्याने त्यांचा जॅम पातळ राहतो. किंवा या रसात जवळपास तेवढीच साखर घालून जेली करा. तुमच्याकडे पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या ४-५ अंश वर मिश्रण गेलं की जेली धरते. समुद्रसपाटीला हा आकडा १०४-१०५ अंश येतो, उंचावर त्याहून कमी.

बियांबद्दल एक काळजी. त्यांत ॲमिग्डलिन असतं आणि बी चिरडली की त्यातून सायनाइड तयार होतं. चुकून एखादी अख्खी बी गिळली तर काही होत नाही, पण गाभ्यासकट फळ मिक्सरमधून काढू नका.

सालांचं व्हिनेगरही होतं: सालं, पाणी, कपाला चमचाभर साखर, तोंडाला कापड. आधी फसफसतं, तीन आठवड्यांनी गाळून आणखी दोन महिने ठेवलं की आंबट होतं. ते सॅलडवर घ्या. फळं-भाज्या साठवायला वापरू नका, कारण घरच्या व्हिनेगरची आम्लता मोजलेली नसते.

चकत्या वाळवणं

टणक फळांच्या ५ मिलिमीटर जाडीच्या चकत्या करून लिंबाच्या पाण्यात टाका, म्हणजे काळ्या पडत नाहीत. सफरचंदात जवळपास पाव भाग हवा असते, त्यामुळे चकत्या तरंगतात. वरून ताटली उपडी ठेवून त्या पाण्याखाली दाबा. मग ६० अंशांवर सहा ते दहा तास वाळवा. ओव्हनचं दार किंचित उघडं राहू द्या, वाफ बाहेर जायला हवी. चकती वाकवली की चामड्यासारखी वाकावी आणि मोडल्यावर ओल दिसू नये. एका किलोच्या सव्वाशे ते दीडशे ग्रॅम चकत्या उरतात. बरणीत भरल्यावर आठवडाभर रोज बरणी हलवा. आतून काचेवर दव दिसलं तर चकत्या पुन्हा वाळवा.

तिखटमिठाच्या जेवणात

गोडाचा कंटाळा आला की कांद्याबरोबर सफरचंद परता, कोबीत किसून घाला, भोपळ्याच्या सुपात दोन फोडी शिजवा. आंबट जात इथे जास्त शोभते.

रस

रसाला झाडाखाली पडलेली फळं घेऊ नका, त्यांना मातीतले जंतू लागलेले असतात. धुतलेल्या चांगल्या फळांचा रसही साठवण्याआधी किमान ७१ अंशांपर्यंत तापवा. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वयस्कर माणसं यांना तो तापवूनच द्या.

वेळच नसेल तर

निवड करा आणि मऊ फळं धुऊन, पुसून अख्खीच फ्रीझरमध्ये टाका. बाहेर काढल्यावर ती कापून खाण्याजोगी राहत नाहीत, पण साल हाताने निघते आणि गर तयारच असतो. गाभा काढला की थेट सॉसच्या पातेल्यात.