वाडीतला कुत्रा कोणाचा?

मालवणजवळच्या एखाद्या वाडीत खळ्यात पहुडलेल्या कुत्र्याकडे बोट दाखवून "हा कोणाचा?" असं विचारलं, तर बहुधा उत्तर येतं, "आमचो नाय, पण ऱ्हवता हयच." सकाळी तो एका घराच्या पडवीत असतो, दुपारी दुसऱ्या घराच्या मागच्या दारी, आणि किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढायला माणसं जमली की तिथेही हजर. त्याला नाव असतं, कधीकधी तीन घरांत तीन. गळ्यात पट्टा नाही, लस दिल्याची नोंद नाही. तरी परकं माणूस वाडीत शिरलं की भुंकायचं काम त्याचंच.

जगातले बहुसंख्य कुत्रे असेच, कोणाच्या दावणीला न बांधलेले जगतात. विज्ञानाने मात्र बराच काळ अभ्यास केला तो दुसऱ्याच कुत्र्यांचा, मालकाबरोबर गाडीत बसून प्रयोगशाळेत येणाऱ्या. त्यामुळे माणूस आणि कुत्रा यांच्या नात्याविषयी आपण जे वाचतो, त्यातलं पुष्कळसं खरं तर मालक आणि त्याच्या पाळीव प्राण्याविषयी असतं. ही गफलत मला मोठी वाटते, कारण पट्टा, पिंजरा, वंशावळ हे सगळं या नात्यात फार उशिरा आलं.

कुत्रा करड्या लांडग्याच्या कुळातून किमान १५,००० वर्षांपूर्वी वेगळा झाला, म्हणजे शेतीच्याही आधी. नेमका कुठे, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. एक मत असं, की माणसांच्या वस्तीजवळ उष्ट्याखरकट्यावर जगू शकणारे, कमी बुजरे लांडगे पिढ्यानपिढ्या जवळ येत गेले. दुसऱ्या मताप्रमाणे शिकाऱ्यांनीच लांडग्यांची पिल्लं आणून वाढवली. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ मध्ये दगडखाणीत एक दफन सापडलं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्रा होता. हे दफन सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं. कुत्रा जेमतेम सात महिन्यांचा होता. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार झाला असावा, असा निष्कर्ष २०१८ मध्ये संशोधकांनी मांडला. हा आजार त्याने कित्येक आठवडे काढला. कोणी पाणी पाजलं नसतं, ऊब दिली नसती, तर एवढे दिवस तो तगलाच नसता. आणि असलं आजारी पिल्लू शिकारीच्या काय उपयोगाचं?

पुढे शेती आली, आणि मग भात. लांडग्याच्या पोटाला पिष्टमय अन्न फारसं मानवत नाही. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्रे आणि लांडगे यांचे जीनोम ताडून पाहिले. पिष्ट पचवणारं अमायलेज हे विकर स्वादुपिंडात तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती निघाल्या, तर कुत्र्यांमध्ये ४ ते ३०. शेतीच्या प्रदेशांतल्या कुत्र्यांत त्या जास्त दिसतात. सैबेरियन हस्की आणि ऑस्ट्रेलियातला डिंगो यांच्यात मात्र त्या फार कमी असतात. वाडीतला कुत्रा भात, पेज आणि माशाचं डोकं यांवर धडधाकट राहतो, त्यामागे ही हजारो वर्षांची शिल्लक आहे. आपल्या ताटाने त्याचं पोट बदललं, असं म्हटलं तरी चालेल.

आता त्याच्या डोक्याकडे वळू. इथे कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण त्यांनी प्रयोगशाळा सोडून थेट रस्त्यावरच्या कुत्र्यांवर प्रयोग केले. त्यांतला एक २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी माणूस झाकलेले दोन वाडगे जमिनीवर ठेवतो आणि लांबूनच त्यांतल्या एकाकडे बोट दाखवतो. या कुत्र्यांना कोणी काही शिकवलेलं नव्हतं. जवळपास निम्मे कुत्रे पुढे आलेच नाहीत. माणसाचा वाईट अनुभव गाठीशी असलेल्या प्राण्याने असं वागणं स्वाभाविकच म्हणायचं. पण जे आले, त्यांतले सुमारे ८० टक्के बोट दाखवलेल्या वाडग्याकडेच गेले.

त्याआधीच्या त्यांच्या एका अभ्यासात वयाचाही फरक दिसला होता. लहान पिल्लं दाखवलेल्या बोटामागे डोळे झाकून जातात. मोठे कुत्रे तसं करत नाहीत. बोट दाखवणाऱ्याने एकदा फसवलं, तर पुढच्या वेळी ते त्याचं ऐकण्याआधी विचार करतात. म्हणजे माणसाचा इशारा समजणं त्यांच्यात लहानपणापासून असतं, आणि कोणत्या माणसावर विसंबायचं हे ते जगताना शिकतात. सगळ्यांत गंमत वाटते ती २०१७ च्या प्रयोगाची. अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना दर भेटीत खाऊ दिला आणि काहींना नुसतं डोक्यावरून कुरवाळलं. विश्वास बसला तो खाण्यापेक्षा कुरवाळण्याने. जन्मभर अर्धपोटी असलेल्या प्राण्याची ही निवड आहे, हे ध्यानात घ्या. रापणीवर येणारा कुत्रा केवळ तारलीसाठी येतो, असं मी तरी आता छातीठोकपणे म्हणणार नाही.

डोळ्यांत डोळे घालण्याचा प्रयोग अधिक गाजला. जपानमधल्या अझाबू विद्यापीठात २०१५ मध्ये असं दिसलं, की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे जास्त वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही लघवीतलं ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्हं मूल यांच्या जवळिकीतही हेच संप्रेरक काम करतं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत असा परिणाम दिसला नाही. शिवाय भुवईचं आतलं टोक वर उचलणारा एक स्नायू कुत्र्यात ठळक असतो आणि लांडग्यात जवळजवळ नसतोच, असं २०१९ मध्ये आढळलं. बिचारा चेहरा करून आपल्या ताटाकडे पाहणं त्यामुळेच जमतं. फक्त हे प्रयोग वाचून अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून पाहायला जाऊ नका. ओळख नसताना रोखलेली नजर त्याला आव्हान वाटते.

कोकणात या सोबतीचा व्यवहारही आहे. हापूसच्या आणि काजूच्या बागांत माकडं, वानरं आणि रानडुकरं यांना हुसकवायला राखणदाराच्या जोडीला कुत्रा लागतोच. त्याची किंमत कधीकधी तो जिवाने मोजतो. बिबट्या रात्री खळ्यातून उचलतो तो बहुतेक वेळा कुत्रा. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाविषयी २०१८ मध्ये संशोधकांनी अंदाज मांडला, की तिथले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्रे खातात आणि त्यामुळे माणसांना होणारे शेकडो चावे टळतात. दुसरीकडे, हेच कुत्रे थंडीत किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी उकरून अंडी खातात. वेळास, आंजर्ले इथे अंडी कुंपणातल्या हॅचरीत हलवावी लागतात, त्यामागे हेही एक कारण. कासवमित्राच्या मागे शेपटी हलवत येणाऱ्यालाच घरट्यापासून लांब ठेवायचं, ही वेगळीच डोकेदुखी!

मुक्त कुत्र्यांचं आयुष्य मात्र फार अवघड. भद्रा यांच्याच गटाने पिल्लांवर नजर ठेवली, तेव्हा सात महिन्यांपर्यंत जेमतेम १९ टक्के जगली, आणि ६३ टक्के मृत्यूंना या ना त्या प्रकारे माणूस कारणीभूत होता. याउलट, कुत्र्यामुळे माणूस मरतो तो मुख्यतः रेबीजने. चावा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लक्षणं दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही.

रेबीज कुत्र्यांतच थोपवता येतो, हे शेजारच्या गोव्याने दाखवलं आहे. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस दिली, की विषाणूला पुढे सरकायला जागा मिळत नाही. घरोघरी फिरून आणि जाळ्याने पकडून तिथे हे लसीकरण झालं. कुत्र्यांमधल्या रेबीजच्या नोंदी ९२ टक्क्यांनी घटल्या. गेल्या तीन वर्षांत राज्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही, असं सरकारने २०२१ मध्ये जाहीर केलं. यात पथकाचा सर्वाधिक वेळ जातो तो कोणाच्याच हाती न लागणाऱ्या कुत्र्यांवर. जाळं आणा, पाठलाग करा, आणि एकदा पळाला की दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधा. वाडीतल्या कुत्र्याला तेवढं लागत नाही. "आमचो नाय" म्हणणाऱ्या घरातलीच एखादी आजी त्याला हाक मारते, मान धरून ठेवते, आणि सुई टोचून होते.