झिजलेला लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल: जॅकवरच्या परीक्षेची पार्श्वभूमी

मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलायची, गिअर न्यूट्रलला ठेवायचा, हँडब्रेक सोडायचा आणि एक चाक हाताने फिरवायचं. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरू लागलं तरी दुसऱ्यालाही जोर पोचवणारी, दोन चाकांमधली दातेरी यंत्रणा) ठीक, उलट फिरलं तर झिजला. ही परीक्षा मेकॅनिक मंडळींमध्ये इतकी रुळली आहे की ती मुळात एकाच बनावटीच्या डिफरन्शियलसाठी होती, याचा विसर पडतो. त्या विसरापायी धडधाकट डिफरन्शियल खोलले जातात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. त्यासाठी दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा साधा डिफरन्शियल फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२८ मध्ये वाफेच्या गाडीकरता पेटंट केला. त्याचा स्वभाव असा की दोन्ही चाकांना टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, सारखाच. एक चाक चिखलात गेलं की त्याला पेलेल तेवढाच तुटपुंजा टॉर्क कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही मिळतो.

१९३० च्या दशकात हे शर्यतीत असह्य झालं. फर्डिनंड पोर्शे यांनी आखलेल्या ऑटो युनियन या जर्मन कंपनीच्या शर्यतीच्या गाडीत चालकाच्या पाठीमागे सोळा सिलिंडरचं इंजिन होतं आणि मागचं चाक भर वेगातही जागच्या जागी फिरायचं. त्यावर झेडएफ कंपनीने १९३५ च्या सुमारास घसरण रोखणारा डिफरन्शियल बनवून दिला. रोजच्या वापराच्या अमेरिकन गाड्यांत तो १९५६ मध्ये स्टुडबेकर-पॅकार्डने आणला. पाठोपाठ शेव्हरोलेचा पॉझिट्रॅक्शन आणि क्रायस्लरचा शुअर-ग्रिप आला.

आपली परीक्षा याच पिढीतली. यातल्या बहुतेकांत क्लच प्लेटची चळत असते आणि स्प्रिंग ती सतत दाबून धरते. त्या दाबामुळेच हवेत उचललेली चाकंही एकमेकांना बांधलेली राहतात. प्लेट झिजल्या की चळत पातळ होते, स्प्रिंगचा जोर उतरतो आणि चाकं मोकळी होतात. हाताच्या अंदाजापेक्षा टॉर्क रेंच, म्हणजे फिरवण्याचा जोर मोजणारा पाना, केव्हाही बरा: एक चाक जमिनीवर, दुसरं वर, गिअर न्यूट्रलला, वरचं चाक फिरवायला किती जोर लागतो ते मोजायचं आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचं. काही डिफरन्शियलमध्ये प्लेटऐवजी शंकूच्या आकाराचे क्लच होते. ते एकदा घासून तळाला टेकले की बहुधा अख्खा डिफरन्शियलच बदलावा लागतो.

याच पिढीने दुसरा गैरसमजही मागे ठेवला. हळू, घट्ट वळण घेताना मागून खडखड आली की लोक लगेच झीज समजतात. पुष्कळदा प्लेट अडकत-सुटत असतात, आणि कारण असतं जुनं किंवा चुकीचं गिअर ऑइल. योग्य ऑइल, त्यात फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचं घर्षण सौम्य करणारं मिश्रण), मग मोकळ्या जागेत इंग्रजी आठच्या आकारात काही फेऱ्या, म्हणजे नवं ऑइल प्लेटांच्या मधे शिरतं. आवाज गेला तर काही उघडायची गरज नाही.

पुढे बनावट बदलली, परीक्षा मात्र तीच राहिली. अमेरिकेच्या व्हर्नन ग्लीझमन यांनी १९५८ मध्ये पेटंट घेतलेल्या कल्पनेतून टॉर्सन नावाचा लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल आला. त्यात क्लचची चळत नाही. दात्यांच्या घर्षणाने तो कमी पकड असलेल्या चाकाला मिळणाऱ्या टॉर्कच्या काही पट टॉर्क दुसऱ्याकडे पाठवतो. चाक हवेत असेल तर तो टॉर्क जवळजवळ शून्य, आणि शून्याची कितीही पट शून्यच. म्हणून निरोगी टॉर्सनचीही चाकं जॅकवर उलट दिशेने फिरू शकतात. व्हिस्कस प्रकारात सिलिकॉनचं घट्ट द्रव असतं. चाक सावकाश फिरवलं तर विरोध कमी, झटक्याने फिरवलं तर जास्त, त्यामुळे तिथे चाक हलवायला सुरुवातीला लागणाऱ्या जोराचा आकडा काही सांगत नाही. माझदाच्या एमएक्स-५ मध्ये सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनाबरोबर व्हिस्कस मिळायचा, १९९४ पासून १.८ लिटरबरोबर टॉर्सन. गाडी दिसायला तीच, पण परीक्षेचा अर्थ वेगळा.

म्हणून जॅक लावण्याआधी आत काय आहे ते शोधावं. फोर्डच्या जुन्या अ‍ॅक्सलवर बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते. तिच्यावर गिअर रेशोच्या आकड्यांमधे एल अक्षर असेल तर तो लिमिटेड-स्लिप. आणि एकच चाक उचलून इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही: डिफरन्शियल चांगला असेल तर जमिनीवरचं चाक गाडी जॅकवरून ओढून नेईल.