कारण न सापडणारी सूज आणि रक्ताचे दुर्मीळ कर्करोग : पार्श्वभूमी

नडगीवर बोट दाबलं की खळगा पडतो आणि बराच वेळ भरून येत नाही. अशा सुजेसाठी आधी हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासतात, आणि ते बरोबरच आहे. प्लाझ्मा पेशींच्या (रक्तातली अँटिबॉडी प्रथिनं बनवणाऱ्या पेशींच्या) आजारांची, म्हणजे रक्ताच्या काही दुर्मीळ कर्करोगांची शंका मात्र फार उशिरा घेतली जाते. इतिहास पाहता हे जास्तच खटकतं, कारण या आजारांचा पहिला धागा सुजेमुळेच हाती लागला होता.

1845 साली लंडनमध्ये हाडांच्या दुखण्याने खचलेल्या एका व्यापाऱ्याच्या अंगावर डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांना सूज दिसली, म्हणून त्यांनी लघवी तपासली. तिच्यातलं प्रथिन चमत्कारिक होतं : तापवताना साका धरायचं, उकळल्यावर विरघळायचं, निवताना पुन्हा साकळायचं. नमुना हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे गेला आणि प्रथिनाला त्यांचंच नाव मिळालं. मॅकिन्टायर मागे पडले, पण सूज बघून लघवी तपासायचं सुचलं ते त्यांना. हे प्रथिन म्हणजे अँटिबॉडीची लाइट चेन (तिचा एक छोटा तुकडा), हे सिद्ध व्हायला 1962 साल उजाडलं.

दुसरा धागा अमायलॉइडचा. आयोडीनने रंग बदलतो म्हणून 1854 मध्ये जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांनी अवयवांत साचणाऱ्या या पदार्थाला स्टार्चवरून नाव दिलं. पुढे तो प्रथिन निघाला. 1922 पासून काँगो रेड या रंगद्रव्याने तो रंगवता येऊ लागला. विशिष्ट प्रकाशाखाली तो हिरवा चमकतो, आणि आजही निदानाचा पाया हाच आहे.

1971 मध्ये अमेरिकन संशोधक ग्लेनर यांनी दाखवलं की काही रुग्णांतलं अमायलॉइड लाइट चेनचंच बनलेलं असतं. मग सुजेचा उलगडा झाला. बिघडलेल्या प्लाझ्मा पेशींच्या लाइट चेन मूत्रपिंडाच्या गाळणीत साचतात, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लघवीवाटे वाहून जातं आणि अंगात पाणी धरतं. हृदयात साचल्या तर त्याच्या भिंती जाड आणि ताठ होतात. सोबत जीभ जाड झाली असेल किंवा डोळ्यांभोवती जांभळे डाग असतील, तर शंका घ्यायलाच हवी.

रक्तातल्या मोकळ्या लाइट चेन मोजण्याची चाचणी 2001 मध्ये आली. लघवीची साधी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन दाखवते, लाइट चेन तिच्यातून निसटतात. म्हणून मोकळ्या लाइट चेनची ही चाचणी आणि रक्त-लघवीचं इम्युनोफिक्सेशन (असं प्रथिन ओळखणारी तपासणी) मुद्दाम मागावं लागतं. अमायलॉइड शोधायला पोटाच्या चरबीचा सुईने घेतलेला नमुनाही अनेकदा पुरतो. अमेरिकेत 2021 मध्ये डॅराटुमुमॅब या औषधाला लाइट चेनच्या या अमायलॉइड आजारासाठी (एएल अमायलॉइडोसिस) मान्यता मिळाली. पण ते नव्या लाइट चेन थांबवतं, हृदयात आधीच साचलेलं अमायलॉइड काढत नाही.